रोग गरिबांचा, रेणू कोणाचा?

क्षयरोगावर नवे अस्त्र सापडत असल्याच्या वार्ता गेली काही वर्षे अधूनमधून कानी येत असतात. बेडकाच्या कातडीत, रेशीम पतंगाच्या कोशात, मातीतील जिवाणूंत आणि खुद्द माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींत आढळणारे काही चिमुकले प्रथिनांश क्षयजंतूंचा नाश करू शकतात, असे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. शास्त्रज्ञ त्यांना जंतुनाशक पेप्टाइडे म्हणतात. ज्या देशात जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण राहतात, त्या देशातील समाजवादी कार्यकर्त्याने या वार्तेकडे पाठ फिरवून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने मेली. त्यांपैकी तीन लाखांहून अधिक भारतातील होती. ही माणसे कोण, हे निराळे सांगावयास नको. बिड्या वळणारी, खाणीत दगड फोडणारी, झोपडपट्टीच्या बोळात राहणारी, अर्धपोटी झोपणारी अशी ही माणसे होत.

या लेखात मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे. पेप्टाइडांवरील संशोधन झालेच पाहिजे. मात्र ते नफ्याच्या बाजारावर सोपविले, तर एकतर ते पुरे होणार नाही. आणि पुरे झालेच, तर ज्यांच्यासाठी ते व्हावयास हवे त्यांच्या हाती लागणार नाही. क्षयाच्या औषधांच्या गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासातून हाच धडा निघतो.

विज्ञान काय सांगते?

प्रथम विज्ञानाची बाजू नीट समजून घेऊ. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. प्रथिनात अशी शेकडो आम्ले ओवलेली असतात. जंतुनाशक पेप्टाइडात ती बहुधा पन्नासच्या आतच असतात. यांपैकी अनेकांच्या अंगी धन विद्युत्‌भार असतो आणि जिवाणूच्या आवरणावर ऋण भार असतो. त्यामुळे ही पेप्टाइडे आवरणाला जाऊन चिकटतात आणि त्याला भोके पाडतात. स्वीडनमध्ये हान्स बोमन यांनी १९८१ च्या सुमारास रेशीम पतंगाच्या कोशातून अशी पेप्टाइडे वेगळी केली. अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये एका आफ्रिकी बेडकाच्या कातडीत ती शोधली. माणसाच्या शरीरातही एलएल-३७ नावाचे, सदतीस अमिनो आम्लांचे असे पेप्टाइड असते. २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, ड जीवनसत्त्व पुरेसे मिळाले तर क्षयजंतू गिळलेल्या भक्षक पेशी हे पेप्टाइड तयार करतात आणि त्यामुळे जंतू मरतात. २०१३ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी क्षय झालेल्या उंदरांच्या श्वासमार्गात हेच पेप्टाइड सोडले, तेव्हा फुप्फुसांतील जंतूंची संख्या घटली. २०१५ मध्ये मातीतील एका जिवाणूपासून मिळालेले टिक्सोबॅक्टिन हे पेप्टाइड क्षयजंतूंवरही चालते असे आढळले. ते जंतूच्या भिंतीच्या उभारणीला लागणाऱ्या स्निग्ध घटकांनाच पकडून ठेवते. त्यामुळे जंतूला त्याविरुद्ध सहजी प्रतिकार उभारता येत नाही, असे त्या प्रयोगांत दिसले.

या साऱ्याचे महत्त्व मुंबईच्या माणसाला पटवून देण्याची गरज पडू नये. उपलब्ध औषधांपैकी ज्या ज्या औषधांची चाचणी घेतली त्यांपैकी एकालाही दाद न देणारा क्षय झालेले चार रुग्ण २०१२ च्या आरंभी याच शहरातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर मांडले होते. जुनी औषधे पेशीतील ठरावीक यंत्रणेवर घाव घालतात. जंतूत लहानसा बदल झाला की तो घाव चुकविला जातो. आवरणच फोडणारे औषध चुकविणे जंतूला तितके सोपे नसते. म्हणून या नव्या वाटेला मोल आहे.

तथापि अडचणीही खऱ्या आहेत आणि त्या लपवून कोणाचेच हित साधणार नाही. क्षयजंतूभोवती मेणासारखी जाड भिंत असते. तो भक्षक पेशींच्या आत दडून बसतो. पेप्टाइड पोटात गेले की पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि रक्तात ते फार काळ टिकत नाही. मात्रा वाढविली तर काही पेप्टाइडे जंतूंबरोबर माणसाच्या पेशींनाही इजा करतात. शिवाय ती बनविणे महाग पडते. कॅप्रिओमायसिन हे पेप्टाइड वर्गातील जुने क्षयविरोधी औषध अनेक वर्षे इंजेक्शनाने दिले जात होते. त्याने कान आणि मूत्रपिंडे यांना अपाय होतो आणि उपचाराचा लाभही होत नाही असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर न करण्याची शिफारस केली. आवरण फोडणाऱ्या नव्या पेप्टाइडांपैकी एकही अद्याप क्षयाच्या प्रमाणित उपचारात दाखल झालेले नाही. हा मार्ग लांबचा आहे. आणि लांबचा असल्यामुळेच त्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

अडचणी कोणासाठी सुटतात?

बाजाराचे कैवारी येथे पुढे सरसावतात. त्यांचे म्हणणे असे की, संशोधन खर्चाचे असते, जोखमीचे असते. पेटंटाची मक्तेदारी आणि भरघोस नफ्याची हमी मिळाल्याखेरीज कोणीही त्यात पैसा घालणार नाही. तेव्हा गरिबांना औषध हवे असेल तर पेटंटाचे कायदे कडक करा आणि कंपन्यांना मोकळे सोडा. हा युक्तिवाद इतक्या वेळा ऐकविला गेला आहे की पुष्कळ भल्या माणसांनाही तो निसर्गनियमासारखा वाटू लागला आहे. तो वस्तुस्थितीवर घासून पाहू.

पेप्टाइडे तोंडाने घेता येत नाहीत, ती मोठ्या प्रमाणावर बनविता येत नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सेमाग्लुटाइड हे औषधही पेप्टाइडच आहे. ते २०१७ मध्ये मधुमेहासाठी इंजेक्शनरूपात आले. २०१९ मध्ये त्याची तोंडाने घ्यावयाची गोळी निघाली आणि २०२१ पासून ते वजन उतरविण्यासाठी विकले जाऊ लागले. श्रीमंत देशांतील कोट्यवधी ग्राहक समोर दिसताच कारखाने उभे राहिले, भांडवल धावून आले आणि पोटातील पाचकरसांवरही तोड निघाली. संप्रेरकाची मात्रा सूक्ष्म असते आणि जंतुनाशकाची मोठी लागते, हा फरक आम्ही जाणतो. मधुमेही आणि स्थूल माणसाला उपचार मिळू नयेत असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या अडचणींपुढे क्षयाचे संशोधन अडून राहते, त्या अडचणी जेथे गिऱ्हाईक सधन आहे तेथे किती झपाट्याने मागे हटतात, हे सर्वांनी पाहिले आहे. अतिपोषणाच्या रोगासाठी पेप्टाइडाची गोळी होऊ शकते आणि कुपोषणाच्या रोगासाठी होत नाही, याचे कारण रसायनशास्त्रात शोधून सापडणार नाही.

आता क्षयाच्या औषधांचा इतिहास पाहा. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ आणि सेल्मन वॅक्समन यांनी शोधले. त्याच्यावरील एकाच कंपनीचा मक्ता सोडविण्यात आला, म्हणून ते अनेक कारखान्यांत तयार होऊ लागले. आयसोनियाझिडचा क्षयावरील गुण १९५२ मध्ये कळला. परंतु तो पदार्थ १९१२ मध्येच प्रागमध्ये तयार झालेला असल्यामुळे त्या पदार्थावर कोणालाच पेटंट मिळविता आले नाही. मालक नसलेले हे औषध जगातील सर्वांत स्वस्त क्षयौषधांपैकी एक ठरले आणि आजही ते उपचाराचा कणा आहे. रिफॅम्पिसिन साठच्या दशकात इटलीत निघाले. त्यानंतर? त्यानंतर २०१२ मध्ये बेडाक्विलिन मंजूर होईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ नव्या वर्गातील एकही क्षयौषध बाजारात आले नाही. याच काळात पेटंटाचे कायदे जगभर कडक होत गेले आणि औषध कंपन्यांच्या नफ्याने उच्चांक गाठले. मक्तेदारीने संशोधन होते म्हणणाऱ्यांनी या चाळीस वर्षांचा हिशेब द्यावा.

हिशेबाची आणखी एक नोंद बंगळूरची आहे. क्षय आणि हिवताप यांवर काम करणारे ॲस्ट्राझेनेका कंपनीचे तेथील संशोधन केंद्र २०१४ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. वर्षानुवर्षे घडविलेले शास्त्रज्ञ एका फटक्यात पांगले. २०१८ मध्ये नोव्हार्टिस कंपनीने जंतुनाशकांच्या संशोधनातून अंग काढून घेतले. बेडकाच्या कातडीतील पेप्टाइडावरून तयार केलेले मलम १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने नाकारले, तेव्हा त्या क्षेत्रातील भांडवलाचा उत्साहही मावळला. भांडवल रोग पाहत नाही, रोग्याचा खिसा पाहते. ज्या औषधाचा कोर्स सहा महिन्यांत संपतो आणि रोगी बरा होऊन कायमचा ग्राहक राहत नाही, त्या औषधात त्याला रस वाटावा कसा?

पैसा जनतेचा, पेटंट कंपनीचे

बेडाक्विलिनची कहाणी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. कारण उद्या एखादे पेप्टाइड औषध म्हणून यशस्वी झाले, तर त्याच्या बाबतीत हेच घडणार आहे. हे औषध जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे. त्याच्या रुग्णांवरील चाचण्यांत आणि विकासात निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी, सार्वजनिक संस्थांनी आणि धर्मादाय निधींनी पैसा ओतला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की, ही सार्वजनिक गुंतवणूक कंपनीच्या स्वतःच्या गुंतवणुकीपेक्षा अधिक होती. पेटंट मात्र एकट्या कंपनीचे राहिले. सहा महिन्यांच्या उपचाराला श्रीमंत देशांत ३०,००० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३,००० डॉलर आणि गरीब देशांत ९०० डॉलर अशी किंमत लावण्यात आली. किंमत खर्चावर ठरत नव्हती. कोणाच्या खिशातून किती निघेल यावर ती ठरत होती.

भारताच्या वाट्याला काय आले? दान आले. अमेरिकी मदतसंस्था यूएसएडच्या मार्फत २०१५ पासून औषधाचे काही हजार कोर्स भीक घातल्यासारखे देण्यात आले आणि आरंभी ते मोजक्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच ठेवले गेले. बिहारमधील एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून औषध नाकारले गेले. तिच्या वडिलांना २०१६ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत ते देण्याचे मान्य झाले. उशिरा मिळालेल्या औषधाने ती वाचली नाही. २०१८ मध्ये तिचा मृत्यू झाला. आणि ज्या यूएसएडच्या हातून हे दान येत होते, ती संस्थाच २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने गुंडाळली. दानावर उभारलेली आरोग्यव्यवस्था दात्याच्या लहरीसरशी कोसळते, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

मूळ पेटंट २०२३ मध्ये संपणार होते. त्याच रेणूच्या क्षारावर नवे पेटंट मिळवून मक्तेदारी २०२७ च्या अखेरपर्यंत लांबविण्याचा कंपनीचा बेत होता. तो बेत कोणी हाणून पाडला? मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोन तरुणींनी. दोघींनीही क्षय भोगला होता आणि जुन्या, विषारी इंजेक्शनांपायी दोघींचेही कान गेले होते. त्यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कायद्याखाली हरकत नोंदविली आणि २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी भारतीय कारखान्यांच्या औषधाला वाट मोकळी झाली आणि जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत सुमारे १३० डॉलरपर्यंत उतरली. ९०० आणि १३० यांमधील अंतर म्हणजेच मक्तेदारीचा कर.

या दोघींना हरकत घेता आली ती आकाशातून पडलेल्या अधिकाराने नव्हे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून १९७० चा पेटंट कायदा आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ प्रक्रियेवर द्यावयाचे, हे त्याचे सूत्र होते. त्याच्या बळावर भारतीय औषधधंदा उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये ते सूत्र सोडावे लागले. परंतु त्या वेळी संसदेत डाव्या पक्षांनी नेट धरला म्हणून जुन्याच रेणूला नवे वेष्टन चढवून पेटंट मिळविण्यास अटकाव करणारे कलम ३-डी कायद्यात आजच्या रूपात राहिले, आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही नागरिकास हरकत घेण्याचा हक्कही टिकला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसविरुद्धच्या खटल्यात याच कलमावर शिक्कामोर्तब केले.

आणि आता शासनाने काय आरंभिले आहे? १५ मार्च २०२४ रोजी जारी झालेल्या नव्या पेटंट नियमांनी हरकत घेण्यावर शुल्क बसविले आणि हरकत चालविण्याजोगी आहे की नाही हे आधीच ठरविण्याचा अधिकार नियंत्रकाच्या हाती दिला. पेटंटाचा देशात प्रत्यक्ष वापर होतो की नाही याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागत असे; ते आता तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालते. वापराच्या माहितीवरच सक्तीच्या परवान्याची मागणी उभी राहते. असा परवाना भारताने आजवर एकदाच, २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी दिला आहे. ज्या दारातून दोन रोगमुक्त तरुणी आत शिरल्या, त्या दाराला शासन हळूहळू कडी घालीत आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत याला स्थान मिळत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या शाखाशाखांतून सांगावयास हवी.

पिंपरीचा वारसा

पर्याय काय, असे आम्हाला विचारले जाते. पर्याय पुण्याजवळ पिंपरीत उभा होता. पेनिसिलिन परदेशी कंपन्यांच्या दयेवर राहू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन झाले, पुढे स्ट्रेप्टोमायसिन झाले आणि हॅमायसिन नावाचे नवे बुरशीनाशक तेथील प्रयोगशाळेतच शोधले गेले. १९७५ च्या हाथी समितीने ११७ आवश्यक औषधांची यादी देऊन सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्या, असे सांगितले. त्या शिफारशी बासनात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच पिंपरीच्या कारखान्याची जादा जमीन आणि पुढे कारखानाही विकण्याचे ठरविले. कारखान्याची उपासमार करावयाची, तो आजारी पडला की सार्वजनिक क्षेत्र नालायक ठरवावयाचे आणि मग जमिनीचा लिलाव पुकारावयाचा, ही रीत गिरणगावाने पाहिलेली आहे.

या अवहेलनेची किंमत कोण मोजतो? २०२४ च्या मार्चमध्ये क्षयाच्या नेहमीच्या, जुन्या, पेटंटमुक्त गोळ्यांचाच देशात तुटवडा पडला आणि तीन महिन्यांची खरेदी तुम्हीच स्थानिक पातळीवर करा, असे केंद्राने राज्यांना कळविले. क्षयाच्या उपचारात खंड पडणे म्हणजे प्रतिकारक्षम जंतूंची पैदास करणे होय, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. रिफॅम्पिसिनसारखी सहा दशकांची जुनी गोळी ज्यांना वेळेवर पुरविता येत नाही, ते उद्याचे पेप्टाइड खेड्यापाड्यांत कसे पोहोचविणार?

ज्ञानाची वाण आपल्याकडे नाही. क्षयजंतूंविरुद्ध आढळलेल्या पेप्टाइडांचा सर्वांना खुला असा संग्रह भारतीय सार्वजनिक संस्थांतील संशोधकांनी २०१८ मध्येच सिद्ध केला आहे. २००८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने खुल्या औषधसंशोधनाचा प्रकल्प आरंभिला होता. क्षय हे त्याचे पहिले लक्ष्य होते आणि त्यातून निघेल ते सर्वांचे, हे त्याचे तत्त्व होते. काही वर्षांतच त्याचा ओघ आटला. पेप्टाइडे बनविणारे कारखाने अंबरनाथ आणि नवी मुंबई येथे आहेत. ते कौशल्य आपल्याच कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या हाती आहे. उणीव आहे ती हे सारे लोकांच्या गरजेला जुंपण्याच्या राजकीय इच्छेची.

खाजगी नफा केवळ औषध महाग करून थांबत नाही; तो औषध निकामीही करतो. कोलिस्टिन हेही पेप्टाइडच. क्षयावर नव्हे, पण इतर काही जीवघेण्या जंतूंवर ते शेवटचे अस्त्र म्हणून वापरले जाते. हे अस्त्र आपल्याकडे कोंबड्या लवकर जाड व्हाव्यात म्हणून खाद्यात मिसळले जात होते. चीनमध्ये डुकरे आणि माणसे यांच्यातील जंतूंत कोलिस्टिनला दाद न देणारे जनुक सापडल्याचे २०१५ च्या अखेरीस जाहीर झाले. भारत सरकारने प्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला तो २०१९ च्या जुलैमध्ये. पेप्टाइडांना जंतू दाद देतीलच असे समजून गाफील राहणाऱ्यांना हा इशारा आहे. औषध समाजाच्या मालकीचे असून भागत नाही. त्याच्या वापरावरही समाजाचे नियंत्रण हवे.

भाकरी की औषध?

आता आपल्याच गोटातील एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. काही साथी म्हणतात, क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे. माणसाला पोटभर अन्न, हवेशीर घर आणि माफक श्रम मिळाले तर क्षय आपोआप हटेल. मग या रेणूबिणूंच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप निम्मा खरा आहे, म्हणून तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे.

खरा अर्धा भाग असा. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या प्रयोगात क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना सकस शिधा देण्यात आला. त्या घरांत क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने क्षय टळतो, याचा इतका रोकडा पुरावा यापूर्वी नव्हता. गोवंडीतील पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही. तेथे क्षय अधिक फैलावतो असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. ज्या शरीराला ऊन आणि अन्न नाही, त्या शरीरातील पेशी स्वतःचे पेप्टाइड तरी कशाच्या जोरावर बनविणार? येथेही बाजाराने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा धंदा पुढे केला असता; पण मंगोलियातील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या गोळीने क्षयाचा संसर्ग टळला नाही. जेवणाला आणि घराला गोळी हा पर्याय होत नाही.

खोटा अर्धा भाग असा. जो आज रक्त थुंकत आहे, त्याला क्रांती होईपर्यंत थांब म्हणून सांगता येत नाही. प्रतिकारक्षम क्षय झालेल्या बाईला नुसता शिधा देऊन ती बरी होणार नाही आणि तिच्या मुलांचा संसर्गही थांबणार नाही. भाकरी आणि औषध यांत निवड करावयास लावणे ही शासनकर्त्यांची चाल आहे. तिला आपण बळी पडू नये. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या विख्यात प्रयोगात घरीच औषध घेणारे, अपुरे खाणारे गरीब रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात असे दिसले. शास्त्रज्ञांनी त्यातून घरगुती उपचाराची सोय शोधली. राज्यकर्त्यांनी त्यातून रुग्णाच्या ताटाची जबाबदारी झटकण्याची सबब शोधली. रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये द्यावयास २०१८ साल उजाडावे लागले आणि ते १,००० व्हावयास २०२४ चा नोव्हेंबर. हजार रुपयांत महिनाभर दूध, डाळ, अंडी काय भावाने येतात, हे बाजारात जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. २०२५ पर्यंत क्षयमुक्त भारत, ही २०१८ मधील पंतप्रधानांची घोषणा होती. ते वर्ष उलटले. क्षय येथेच आहे.

आपण काय मागावे?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशातून झालेल्या क्षयसंशोधनाचे फलित, मग ते पेप्टाइड असो वा अन्य रेणू, सार्वजनिक मालकीचे राहील आणि कोणाही एका कंपनीला त्याचा एकाधिकार दिला जाणार नाही, अशी अट अनुदानाच्या करारातच घातली पाहिजे. खुल्या औषधसंशोधनाचा प्रकल्प पुरेशा निधीसह पुन्हा उभा केला पाहिजे. पिंपरीची जमीन आणि कारखाना विकण्याचा विचार सोडून तेथे क्षयाच्या औषधांचे आणि त्यांच्या कच्च्या मालाचे उत्पादन सुरू झाले पाहिजे. हरकतीचा हक्क आखडणारे २०२४ चे नियम मागे घेतले पाहिजेत आणि नव्या व्यापारी करारांत १९७० आणि २००५ च्या कायद्यांतील संरक्षणांवर कोणतीही तडजोड होता कामा नये. रुग्णाच्या संपूर्ण कुटुंबाला, उपचार संपेपर्यंत, रेशन दुकानातून डाळ, तेल आणि धान्य यांचा वेगळा शिधा मिळाला पाहिजे.

यांतील काही मागण्या दिल्लीच्या आहेत; त्यांसाठी संसदेत आणि रस्त्यावर झगडावे लागेल. काही मात्र आपल्या हातच्या आहेत. आपापल्या तालुक्याच्या क्षयकेंद्रावर जाऊन गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे, हे दर महिन्यास विचारावे आणि त्याची नोंद ठेवावी. पोषणाचे पैसे किती रुग्णांच्या खात्यात पोहोचले याची यादी करावी. खाणकामगार, बिडीकामगार आणि सफाईकामगार यांच्या संघटनांनी मालकाबरोबरच्या वाटाघाटीत क्षयतपासणी आणि आजारपणाच्या पगारी रजेची मागणी ठेवावी. गावातील शिक्षक, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांना या कामात सोबत घ्यावे. आशा ताईंच्या मानधनाचा लढा आणि क्षयाचा लढा हे एकच आहेत.

बेडकाच्या कातडीतील रेणू निसर्गाने कोणाच्या नावावर केलेला नाही. माणसाच्या रक्तातील एलएल-३७ वर तर प्रत्येक श्रमिकाचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्यावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ सार्वजनिक विद्यापीठात शिकतो, सार्वजनिक प्रयोगशाळेत राबतो, आणि ज्यांच्यावर चाचणी होते ते रुग्ण बहुधा गरीब वस्त्यांतील असतात. अशा रीतीने सर्वांच्या श्रमातून आणि सोसण्यातून निर्माण झालेल्या औषधाची मालकी अखेरच्या टप्प्यावर एका कंपनीकडे जाऊ देणे, हा अन्याय आहे आणि तो टाळणे आपल्याला शक्य आहे. दोन तरुणींनी एका अर्जाने जे घडविले, ते एका संघटित पक्षाला घडविता येऊ नये काय?